चिठ्ठी पाठवणारीच्या खुर्चीतून

मराठी माणसाच्या हातात माइक दिला की तो आधी हजेरी घेतो. "आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय अमुक, प्रमुख पाहुणे सन्माननीय तमुक, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, समोर बसलेले ज्येष्ठ, श्रेष्ठ आणि ज्यांच्या प्रेरणेनं..." असं करत करत तीनचार मिनिटं आरामात जातात, मग येतं "मी काही वक्ता नाही", मग "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे, त्यामुळे मी तुमचा जास्त वेळ घेणार नाही", आणि हे वाक्य कानावर पडलं की मी पर्समधून पेन काढून ठेवते. जास्त वेळ घेणार नाही म्हणणारा हमखास घेतो.

मी आमच्या उपनगरातल्या एका व्याख्यानमालेच्या कार्यकारिणीत आहे, बरीच वर्षं, आणि माझं काम काय तर पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसून घड्याळ बघायचं आणि वेळ झाली की वक्त्याला चिठ्ठी पाठवायची. वाईट काम आहे. "५ मिनिटे" लिहिलेली चिठ्ठी कोणी न वाचताच खिशात टाकतं, कोणी "आयोजकांची चिठ्ठी आलीय बरं का" असं माइकवर जाहीर करून त्यावरच दोन मिनिटं विनोद करतं, एखादा तर खरंच चिडतो. पण त्या खुर्चीतून एक गोष्ट मस्त दिसते ती म्हणजे वक्ता आणि हॉल दोन्ही एकदम. वक्त्याला वाटत असतं काय रंगलंय, आणि तिसऱ्या रांगेपासून मागे सगळे फोनमध्ये. आणि कधी उलटं, बोलणारी बाई चाचरतीय, घाबरलीय, पण हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. हे असं का होतं याचा विचार मी चिठ्ठ्या लिहिता लिहिता खूप केलाय.

माझं मत असं झालंय की बहुतेक भाषणं बिघडतात ती घरीच, कागदावर. लोक निबंध लिहितात आणि तो उभं राहून वाचतात. निबंध वाचणाऱ्याला एखादं वाक्य नाही कळलं तर तो मागे जाऊन परत वाचतो, ऐकणाऱ्याचं मात्र फास्ट लोकलसारखं असतं, स्टेशन गेलं की गेलं. "ज्यांनी ज्यांनी या संस्थेच्या जडणघडणीत आपल्या अमूल्य योगदानाद्वारे" इथपर्यंत ऐकणारा येतो आणि क्रियापद अजून दोन ओळी लांब असतं, तोवर त्याला घरचा गॅस बंद केला का ते आठवतं आणि तो गेला. म्हणून ऐकवायचं वाक्य छोटं हवं, त्यात माणसं हवीत, आणि महत्त्वाची गोष्ट एकदा सांगून भागत नाही, ती थोडी फिरवून परत सांगावी लागते. लिहिताना जी पुनरुक्ती वाटते तीच ऐकताना आधाराला येते.

हे आपल्याकडे काही नवीन नाही खरं तर. नारदीय कीर्तन बघा. पूर्वरंगात बुवा एक अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, मग मध्यंतर, मग उत्तररंगात त्याच विषयावर एक आख्यान, आणि शेवटी परत मूळ अभंगावर येतात. दीडदोन तासांचा विषय एक. एकच. आणि मधेमधे गजर, लोकांना श्वास घ्यायला आणि पेंगणाऱ्याला जागं करायला. बुवांना कोणी प्रेझेंटेशन स्किल्सचं ट्रेनिंग दिलेलं नसतं, पण समोरचा माणूस दिवसभर राबून आलाय आणि त्याच्या हातात कागद नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. आमच्याकडे मात्र मोठमोठे पदवीवाले येतात आणि चाळीस मिनिटांत अकरा मुद्दे सांगायचा प्रयत्न करतात, सातव्याला मी चिठ्ठी पाठवते आणि मग उरलेले चार ते धावत धावत नुसते वाचून दाखवतात. त्यातला एकही लोक घरी नेत नाहीत.

मुंबईतच 31 मे 1936 ला बाबासाहेबांनी "मुक्ती कोन पथे?" हे भाषण केलं, दादर-नायगावला, मुंबई इलाखा महार परिषदेत. धर्मांतरासारखा अवघड विषय, आणि समोर बहुतांश अशी माणसं की ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती. ते आज छापील वाचताना सुद्धा कळतं की हे कानासाठी बांधलेलं आहे. आधी विषयाची विभागणी सांगून टाकलीय, सामाजिक बाजू आणि धार्मिक बाजू, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं आपण कुठे आहोत. आणि मग प्रश्नांची ती रांग येते, जो धर्म तुम्हाला हे करू देत नाही, जो ते करू देत नाही, त्यात तुम्ही का राहता, प्रत्येक वेळी वेगळा अन्याय आणि शेवट तोच. तीनचार वेळा झालं की पुढचा शेवट ऐकणारा मनातल्या मनात आधीच बोलतो. विद्वान माणूस, पण विद्वत्ता समोरच्याच्या कानात बसेल अशा मापाची केलेली. वक्तृत्व स्पर्धेला बसणाऱ्या मुलांना मी हे भाषण मोठ्यानं वाचायला सांगते.

आता कोणी म्हणेल हे मोठ्या लोकांचं झालं, आम्हाला सोसायटीच्या पूजेला दोन शब्द बोलायचेत. तर ऐका. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते रिटायर झाल्यावर पुढच्या वर्षी त्यांच्या वर्कशॉपमधल्या जोडीदाराचा निरोप समारंभ होता, तर एका संध्याकाळी कागद घेऊन आले, "वहिनी, मला दोन शब्द बोलायला सांगितलंय, तेवढं लिहून द्या ना, तुम्ही ते व्याख्यानमालेचं करता ना." कागदावर त्यांनी स्वतःच सुरुवात केली होती, सेवानिवृत्ती म्हणजे आयुष्याची दुसरी इनिंग वगैरे. मी म्हटलं काका, हे कोणाच्याही सेंडऑफला चालेल हो, तुमचे मित्र कसे आहेत ते सांगा की. त्यांना विचारून फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि चहा ठेवायला आत गेले.

तर मित्र असा की स्वतःचे पाने कधी कोणाला द्यायचा नाही, प्रत्येक पान्याच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला, मागायला गेलं की म्हणायचा स्टोअरमधून काढ जा. आणि ह्याच माणसानं, काकांच्या मुलीचा बारावीचा पहिला पेपर होता आणि नेमकी ओव्हरहेड वायर तुटून गाड्या बंद, तर हा ठाण्याहून स्कूटर घेऊन दारात हजर, पोरीला सेंटरवर सोडलं आणि पेपर संपेपर्यंत बाहेरच बसून राहिला, का तर परत यायला गाड्या नसल्या तर पोर काय करेल. काका सांगताना हसत होते आणि शेवटाला जरा थांबले. मी म्हटलं झालं तुमचं भाषण. "एवढंच?" हो, एवढंच. फक्त आधी पान्याचं, मग स्कूटरचं, आणि मधे "पण मनानं फार मोठा हो" हे वाक्य अजिबात घालायचं नाही, ते लोकांना आपोआप कळतं आणि आपण सांगितलं की त्यातली मजा जाते. काकांना हे काही पटेना, भाषणात एखादं सुभाषित तरी पाहिजे की म्हणाले. नको म्हटलं. शेवटी लाल दोऱ्यावर अख्खं वर्कशॉप हसलं म्हणे, प्रत्येकानं कधी ना कधी पाना मागितला होता.

सुभाषिताचं राहू दे पण त्या "वक्ता दशसहस्रेषु"नं आपलं फार नुकसान केलंय असं मला वाटतं. दहा हजारांत एक वक्ता निपजतो म्हटल्यावर उरलेले नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव आधीच हात टेकतात. आणि ज्याला वाटतं तो एक मीच, तो तयारी करत नाही.

तयारीवरून गांधीजींचा मुंबईचा किस्सा सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच लिहिलाय. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, इथल्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिली केस, उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, फी परत केली. तीस रुपये. मग आफ्रिकेला गेले, तिथे नाव झालं, आणि सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या हालांवर त्यांची सभा ठरली. आदल्या दिवशी फिरोजशहा मेहतांनी विचारलं भाषण तयार आहे ना, तर हे म्हणाले आयत्या वेळी बोलेन म्हणतो. फिरोजशहांनी साफ सांगितलं की मुंबईत ते चालायचं नाही, इथलं रिपोर्टिंग वाईट आहे, भाषण लिहून काढा आणि सकाळपर्यंत छापून झालं पाहिजे. लिहिलं, रातोरात छापलं. आणि दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच, हे थरथरत वाचायला लागले, फिरोजशहा मोठ्यानं मोठ्यानं म्हणतायत आणि ह्यांचा आवाज आणखीच खाली. शेवटी केशवराव देशपांड्यांच्या हातात कागद दिला, पण लोक "वाच्छा, वाच्छा" ओरडायला लागले, म्हणून दिनशा वाच्छा उठले, त्यांनी ते वाचलं आणि सभा जिंकली.

मला यातला वाच्छांचा भाग फार आवडतो. मजकूर इतका पक्का होता की दुसऱ्यानं वाचला तरी उभा राहिला. आणि तिथून 46 वर्षांनी, 8 ऑगस्ट 1942 ला, धोबीतलावपासून टॅक्सीनं फार तर दहापंधरा मिनिटांवरच्या गवालिया टँकवर तेच गृहस्थ "करेंगे या मरेंगे" म्हणाले. आवाज तेव्हाही काही पहाडी नव्हता. पण तोवर लाउडस्पीकर आले होते, त्या काळातल्या सभांच्या फोटोत माइकवर "शिकागो रेडिओ" अशी पट्टी दिसते ना, नाव शिकागो पण मालक आपले मोटवाने. आवाज लहान असणं हा तेव्हापासून प्रॉब्लेमच राहिलेला नाही, तरी लोक माइकवर ओरडतात ते का कोण जाणे.

माइकचं जरा सांगतेच, कारण ह्याच्याकडे कोणीच लक्ष देत नाही. हॉलवर अर्धा तास आधी या आणि पहिल्यांदा साऊंडवाल्याला भेटा, अध्यक्षांना नंतर. माइक तोंडापासून चार बोटं लांब, आणि अगदी समोर न धरता किंचित कडेला, कारण आपल्या भाषेत भ, फ, ख, ठ भरपूर, "भारत", "फक्त" म्हटलं की हवेचा फटका थेट जाळीवर बसतो आणि मागच्या रांगेत बॉम्ब फुटल्यासारखं होतं. कॉर्डलेस माइकची जाळी मुठीत धरायची नाही, ती टीव्हीवरच्या रॅपरची स्टाइल आहे, त्यानं आवाज गुदमरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी म्हणजे तो कुंईंई आवाज, स्पीकरमधून आलेला आवाज माइक परत उचलतो, तो परत मोठा होऊन स्पीकरमधून येतो, असं गोल फिरत राहतं, म्हणून माइक घेऊन स्पीकरच्या समोर जायचं नाही, इतकं साधं आहे. आणि बायकांसाठी खास, कॉलर माइक लावणार असतील तर सिल्कची साडी आणि मंगळसूत्र यांचा विचार आधी करा. पदराची खसफस आणि वाट्यांची किणकिण अख्खं तासभर ऐकलीय मी, बाई बोलत काय होत्या ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

भीतीचं काय, असं सगळे विचारतात. भीती जात नाही. वर्षानुवर्षं बोलणारे लोक सुद्धा विंगेत येरझाऱ्या घालतात, मी बघते ना. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात थरथरतो, शरीराला वाटतं समोर वाघ आहे. पण यातलं समोरच्याला किती दिसतं? सॅविट्स्की आणि गिलोविच या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये यावर प्रयोग छापले, बोलणाऱ्याला आपण जितके घाबरलेले दिसतोय असं वाटतं तितके ते ऐकणाऱ्यांना दिसत नाहीत. आणि ही गोष्ट आधी सांगितलेल्या लोकांची भाषणं जास्त चांगली झाली. माझ्या खुर्चीतून मी याला अनुमोदन देते. भीती दिसते ती एकाच जागी, कागदात. ए-फोर कागद हातात असला की बोटांची थरथर त्याच्या टोकापर्यंत जाऊन फडफड व्हायला लागते, म्हणून कागद नकोच, जाड कार्ड घ्या पोस्टकार्डाएवढं, त्यावर मोठ्या अक्षरात चारपाच शब्द. मोबाइलवर बघून बोलू नका, स्क्रीन बंद होते आणि मग अंगठा लावत बसायचं, नाहीतर वरून व्हॉट्सअ‍ॅप येतं. पाठ करायचंच तर पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य, अक्षरन् अक्षर. मधलं पाठ केलं की एक शब्द अडला तर पुढचं सगळंच अडतं. आणि उभं राहिल्यावर लगेच बोलायचं नाही. हळूच श्वास सोडायचा, समोर बघायचं, मग सुरू. ती दोनतीन सेकंदं बोलणाऱ्याला तासासारखी वाटतात, ऐकणारे तेवढ्यात फक्त खुर्चीत सावरून बसतात.

प्रॅक्टिस उभं राहून आणि मोठ्यानं, मनातल्या मनात केलेली धरायची नाही, मनातल्या मनात सगळेच अत्रे असतात. आता वन बीएचकेत मोठ्यानं कुठे बोलणार? गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीनं अख्खी वक्तृत्व स्पर्धा टाकीमागे तयार केली, वरच्या मजल्यावरच्या आजींना वाटलं पोरगी कोणाशी भांडते. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो पण ऐकाच, कारण तेव्हाच कळतं आपण कितीवेळा "म्हणजे", "बेसिकली", "काय आहे ना" म्हणतो. टोस्टमास्टर्सवाले, 1924 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली, भाषणाचा सराव करून घेणारी संस्था, मुंबईतही त्यांचे बरेच क्लब आहेत, ते या कामाला चक्क एक माणूस बसवतात, अं अं मोजायला. आणि वेळेसाठी दिवे, पाच ते सात मिनिटांचं भाषण असेल तर पाचला हिरवा, सहाला पिवळा, सातला लाल. मला त्या दिव्यांचा फार हेवा वाटतो, माझ्याकडे चिठ्ठ्या. आपल्या पुढाऱ्यांच्या "त्या ठिकाणी" आणि "निश्चितपणानं"ला मात्र मोजायला एक माणूस पुरणार नाही, शिफ्ट लावावी लागेल. "त्या ठिकाणी आम्ही त्या ठिकाणी निर्णय घेतला", कुठल्या ठिकाणी ते शेवटपर्यंत कळत नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांसाठी हजार-बाराशे शब्दच, त्यात हशा आणि टाळ्या आल्या तर त्याहून कमी. दहा मिनिटं दिलीत तर आठचीच तयारी करा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे, त्यामुळे मैदानातल्या भल्याभल्या वक्त्यांना घड्याळाकडे बघावं लागतं. बंद हॉलमध्ये तो धाक नाही, तिथे "शेवटी एकच सांगतो" हे वाक्य एका भाषणात तीनदा येतं. पहिल्यांदा ऐकल्यावर लोक चपला शोधतात, दुसऱ्यांदा एकमेकांकडे बघतात, तिसऱ्यांदा उठतात.

आणि ती सुरुवातीची नावं घ्यायलाच लागणार असतील, लोक रुसतात हे मला मान्य आहे, तर दोन नावं घ्या आणि बाकीच्यांना "आणि मित्रहो" मध्ये बसवा. दसरा मेळाव्याला शिवाजी पार्कवर समोर मैदान भरून माणसं असायची आणि बाळासाहेब "जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो" एवढंच म्हणायचे. राजकारण पटो न पटो, संबोधन म्हणून बघा, व्यासपीठावर कोण बसलंय याचा त्यात पत्ताच नाही, आणि मैदानातून आरोळी यायची.

राहिलं आभारप्रदर्शन. याला कोणी भाषण मानत नाही, पण आमच्या कमिटीत सगळ्यात अवघड काम हेच, कारण लोक उठलेले असतात, वडापावचा वास येत असतो आणि यादीत नावं असतात वीस. आम्ही आता यादी हॉलच्या दाराशी फळ्यावर लिहून ठेवतो आणि माइकवरून एका मिनिटात वक्ता, हॉल देणारे आणि साऊंडवाला एवढ्यांचेच आभार मानतो. त्यावरून गेल्या मीटिंगमध्ये एक देणगीदार रागावले, फळ्यावरचं नाव पुसट होतं म्हणाले. यंदा जाड खडू आणलेत.